मराठीला स्वल्पविराम शिकवणारे मेजर कँडी



गेल्या महिन्यात आमच्या हातून एक चूक झाली, ती आधी सांगून टाकतो. शाळेच्या सूचनाफलकावर आणि याच वार्तापत्राच्या शेवटच्या पानावर आम्ही एक सूचना दिली होती: 'माजी विद्यार्थी पालक व विश्वस्त यांची सभा'. बोलवायचे होते तिघांना, म्हणजे माजी विद्यार्थ्यांना, पालकांना आणि विश्वस्तांना. पण 'माजी विद्यार्थी' या शब्दांपुढे स्वल्पविराम द्यायचा राहून गेला. त्यामुळे पुष्कळ पालकांनी असा अर्थ लावला की, जे पालक स्वतः याच शाळेत शिकले त्यांनाच हे बोलावणे आहे. बाहेरगावाहून लग्न होऊन इंदूरला आलेल्या आया तर सगळ्याच घरी राहिल्या. सभेला खुर्च्या साठ आणि माणसे सतरा! विश्वस्तांनी कारण विचारले तेव्हा शिक्षक-कक्षात सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

नेमके त्याच आठवड्यात सहामाहीचे पेपर तपासून झाले होते. इंग्रजीच्या बाईंची तक्रार अशी की, मुलांना शब्द येतात, स्पेलिंगही बरेचसे येते. पण वाक्य कुठे संपले ते कळत नाही आणि नवे वाक्य सुरू झाले तरी पहिले अक्षर लहानच राहते. मराठीच्या सरांची तक्रार वेगळी. मुले मराठीच्या पेपरात हिंदीसारखा उभा दंड देतात. हिंदीच्या बाई हसून म्हणाल्या की, त्यांच्या पेपरात हीच मुले टिंब देतात. पुढे सातवीच्या वर्गात ही गोष्ट निघाली तेव्हा एका मुलाने विचारले, हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहायच्या, तर मग एकीला दंड आणि दुसरीला टिंब असे का? प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधू गेलो की एका इंग्रज माणसाच्या आयुष्यापाशी येऊन थांबावे लागते. त्यांचे नाव मेजर थॉमस कँडी.

कँडीसाहेबांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमध्ये झाला. जॉर्ज नावाचा त्यांचा एक जुळा भाऊ होता. १८२२ साली, म्हणजे जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे असताना, थॉमस ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात नोकरीला म्हणून मुंबई इलाख्यात आले. आज आपल्याकडे त्या वयाचा मुलगा बारावीचा निकाल पाहत असतो. पेशवाई बुडून तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. नव्या राज्याला रयतेचे अर्ज वाचायचे होते, सारा ठरवायचा होता, पलटणीतल्या शिपायांशी बोलायचे होते; आणि साहेबाला तर इथली भाषा येत नव्हती. म्हणून जे अधिकारी देशी भाषा शिकत त्यांना पलटणीत दुभाष्याचे काम मिळे. कँडी दोघे भाऊ मराठी शिकले आणि चांगली शिकले. जॉर्ज यांनी पुढे सैन्य सोडून धर्मोपदेशकाचा मार्ग धरला. थॉमस मात्र मराठीत असे गुंतले की, अखेरपर्यंत त्यातून बाहेर पडले नाहीत.

त्यांनी शिकायला घेतलेली मराठी लिहिली कशी जात होती, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढच्या कामाचे मोल कळणार नाही. रोजचा व्यवहार मोडी लिपीत चाले. आपल्या होळकर दरबाराचा कारभारही मोडीतच होता. इंदुरातल्या काही जुन्या घरांत असे कागद अजून निघतात. कुणाकडे असले तर मुलांना जरूर दाखवा. मोडी लिहिताना आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे ओवत जायची. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. स्वल्पविराम नव्हता, प्रश्नचिन्ह नव्हते. पोथ्या बाळबोधीत, म्हणजे आजच्या आपल्या देवनागरीत, असत. तिथे ओवी किंवा श्लोक संपला की एक किंवा दोन उभे दंड येत, पण ते पद्याला. गद्याला असा आधार फारसा नव्हता.

मग लोक वाचत कसे? मराठीची घडणच अशी आहे की, क्रियापद बहुधा शेवटी येते. 'आहे', 'झाले', 'पाठविले' असा शब्द आला की सवयीच्या कारकुनाला वाक्य संपल्याची खूण मिळे. पत्र संपल्याची खूणही ठरलेल्या शब्दांनीच होई. बहुत काय लिहिणे, हे विनंती, असे शब्द आले की कागद गुंडाळायचा. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर निभावले. लिहिणारा आणि वाचणारा एकाच दफ्तरात बसणारे असले की असे निभावतेही. पण पुस्तक छापले की ते कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. खेड्यातल्या पहिलीच्या मुलाला पुस्तक द्यायचे, तर कुठे थांबायचे हे पुस्तकानेच सांगायला हवे.

कँडी यांचे पहिले मोठे काम कोशाचे. जेम्स मोल्सवर्थ नावाच्या दुसऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी कोश करायला घेतला होता. सरकारने त्यांच्या मदतीला कँडी बंधूंना दिले, आणि बरोबर शास्त्रीपंडितांचे एक मंडळ. या पंडितांच्या श्रमांतूनच १८२९ साली मराठीचा मराठीत अर्थ सांगणारा कोशही छापला गेला. दोन वर्षांनी, १८३१ साली, मोल्सवर्थ यांचा कोश बाहेर पडला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. देशावरचे आणि कोकणातले, कुणब्याच्या तोंडचे आणि शास्त्र्याच्या तोंडचे, म्हणी, शिव्यासुद्धा! कोशाच्या मुखपृष्ठावर नाव साहेबांचे आले. पण गावोगावचे शब्द ज्यांच्या कानांनी टिपले आणि ज्यांच्या जिभेवर ते पारखले गेले, ते पंडित होते. यात परशुरामपंत गोडबोले यांचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. 'नवनीत' हा जुन्या मराठी कवितेचा संग्रह १८५४ साली करणारे तेच हे परशुरामपंत. कँडी यांच्याबरोबर त्यांनी पुढेही कित्येक वर्षे काम केले.

१८३७ साली कँडी पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख झाले. ही पाठशाळा १८२१ पासून विश्रामबाग वाड्यात भरत होती. शाळेच्या सहलीला पुण्याला जाऊन आलेल्यांनी दुसऱ्या बाजीरावाचा तो लाकडी नक्षीचा वाडा पाहिला असेलच. वेद, न्याय, व्याकरण शिकवणाऱ्या शास्त्र्यांच्या पाठशाळेवर प्रमुख म्हणून एक इंग्रज लष्करी अधिकारी, हे चित्र आज विचित्र वाटते. तेव्हाही वाटले असेल. त्या पाठशाळेतून कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखे विद्वान तयार झाले. १८५१ साली पाठशाळा आणि पुण्याची सरकारी इंग्रजी शाळा एक करून पूना कॉलेज निघाले, तेव्हा त्याचेही प्रमुखपद कँडी यांच्याकडेच आले. हेच कॉलेज पुढे डेक्कन कॉलेज झाले.

मधल्या काळात दुसरा कोश चालू होता, इंग्रजी-मराठी. तोही मोल्सवर्थ यांनीच सुरू केलेला. पण त्यांची प्रकृती बिघडली, ते इंग्लंडला परतले आणि काम अर्धे राहिले. ते कँडी यांनी हाती घेतले आणि १८४७ साली पूर्ण केले. आमच्या मते हा कोश पहिल्यापेक्षाही अवघड होता. मराठी शब्दाला इंग्रजी अर्थ देणे एक. पण इंग्रजीतल्या ज्या गोष्टी इथे नव्हत्याच त्यांना मराठी शब्द कुठून आणायचा? कधी संस्कृतातून घडवायचा, कधी लांबलचक समजावून सांगायचे, कधी इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवायचा. आपले शिक्षक आजही विज्ञान शिकवताना याच तीन वाटांनी जातात.

आणि १८५० साली कँडी यांचे ते पुस्तक आले, ज्यासाठी आज हा लेख लिहीत आहोत. त्याचे नाव 'विरामचिन्हांची परिभाषा'. इंग्रजी लिहिण्यात जी चिन्हे वापरतात ती मराठीत कशी वापरायची, हे सांगणारे हे पुस्तक. मराठीत विरामचिन्हे कँडींनी आणली, असे आपल्याकडे सरसकट म्हणतात. ते थोडे तपासून घ्यायला हवे. छापखान्यांत इंग्रजी मजकुराचे खिळे असतच, आणि छापील मराठीत ही चिन्हे त्याआधीही इकडेतिकडे दिसू लागली होती. १८३२ साली निघालेल्या बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण' पत्रात तर इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारीच छापला जात असे. तेव्हा चिन्हे शोधून काढण्याचे श्रेय कँडी यांचे नाही. त्यांनी ती नियमात बसवली आणि शाळेच्या पुस्तकांतून मुलांच्या हाताला लावली. हे दुसरे काम अधिक टिकले. पहिलीत जे हाताला लागते ते जन्मभर सुटत नाही.

सातवीतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. मराठी शालेय पुस्तके ज्यांच्या नजरेखालून जात होती, त्यांनी इंग्रजीचे टिंब घेतले आणि ते रुजले. गुजरातीतही टिंबच रुजले. हिंदीने मात्र स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह हे सगळे इंग्रजीचे घेऊन वाक्याच्या शेवटी पोथीतला दंड कायम ठेवला. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ज्याचे त्याच्या वहीत राहू द्यावे. हिंदीच्या वर्गात शिकवतात ते 'रोको मत जाने दो' सगळ्यांना पाठ आहे. स्वल्पविराम 'रोको'नंतर दिला तर माणूस अडकला, 'मत'नंतर दिला तर सुटला. आमच्या सूचनेने मात्र निम्मे पालक घरीच अडकवले.

चिन्हे आली, पण इंग्रजीतली एक गोष्ट कँडी यांना आणता आली नाही. ती म्हणजे कॅपिटल अक्षरे. देवनागरीत प्रत्येक अक्षराला एकच रूप. इंग्रजीत छापखान्याचे खिळे दोन पेट्यांत ठेवत. मोठी अक्षरे वरच्या पेटीत, लहान खालच्या. त्यावरूनच त्यांना अप्पर केस आणि लोअर केस म्हणू लागले. आपल्याकडे जोडाक्षरे, काने-मात्रे मिळून खिळे आधीच शेकड्यांनी लागत. त्यांची दुसरी पेटी करायचे कुणाच्या मनातही येणे शक्य नव्हते. त्यामुळे 'प्रकाश गेला' असे मराठीत लिहिले, तर वीज गेली की आपला मित्र घरी गेला हे मागच्यापुढच्या वाक्यांवरून ओळखावे लागते. इंग्रजीत नावाचे पहिले अक्षर मोठे असते, त्यामुळे ही शंकाच येत नाही.

आपल्या मुलांच्या इंग्रजीतल्या चुका बहुतेक याच जागी होतात, असे पेपर पाहिल्यावर आमच्या ध्यानात आले. ती आळशी आहेत म्हणून चुका करतात असे नाही. मराठीचा हात इंग्रजीत जातो, म्हणून चुकतात. सोमवार आणि मार्च यांना मराठीत काही विशेष मान नाही. इंग्रजीत वार आणि महिना यांचे पहिले अक्षर मोठे, पण उन्हाळा-पावसाळा यांचे मात्र लहान. भाषेचे नाव, देशाचे नाव, त्यावरून झालेले विशेषण, सगळे मोठ्या अक्षराने. 'मी' या अर्थाचा आय वाक्यात कुठेही आला तरी मोठाच. नम्रपणे वाढलेल्या आपल्या मुलांना स्वतःलाच मोठे लिहायचा संकोच वाटत असेल, असे एक पालक विनोदाने म्हणाले होते!

वाक्य सुरू होताना मोठे अक्षर का, तर इंग्रजीत क्रियापद मध्येच बसते. शेवटच्या शब्दावरून वाक्य संपल्याचे कळेल याची खात्री नाही. म्हणून तिथे दुहेरी कुंपण आहे. जुन्या वाक्याला टिंब आणि नव्याला मोठे अक्षर. एक विसरले तर दुसऱ्याने भागते, दोन्ही विसरली तर वाचणारा ठेचकाळतो. अॅपॉस्ट्रॉफीचेही तसेच. आपण 'चा-ची-चे' शब्दालाच चिकटवतो, त्यामुळे ती वर लोंबणारी खूण आपल्याला परकी. 'इट्स'मध्ये ती दिली तर अर्थ 'ते आहे', न दिली तर 'त्याचे'. हे उलटे वाटते, कारण नावाला 'चा' लावताना ती देतात आणि इथे देत नाहीत. यात मोठी माणसेही चुकतात, दुकानांच्या पाट्या वाचा म्हणजे दिसेल. आणखी एक. मराठीत आपण लिहितो की, आईने विचारले, तू कुठे चाललास? 'की' घालूनही मूळ प्रश्न तसाच ठेवतो, म्हणून प्रश्नचिन्ह शोभते. इंग्रजीत तेच अप्रत्यक्ष केले की वाक्याची रचना साध्या विधानाची होते आणि शेवटी टिंब येते. आठवीच्या अर्ध्या वर्गाने तिथे प्रश्नचिन्ह दिले होते. इंग्रजीच्या बाईंनी गुण कापले, ते योग्यच होते. पण मूल असे का लिहिते हे पालकांनाही कळावे, म्हणून इतके लिहिले.

कँडी यांच्याकडे परत येऊ. शिक्षण खाते निघाल्यावर मराठी क्रमिक पुस्तके, भाषांतरे, कायद्यांचे मराठी तर्जुमे असे सगळे त्यांच्या हाताखालून जाऊ लागले. सरकारी मराठी भाषांतरकार म्हणून पुस्तकातली मराठी शुद्ध की अशुद्ध, याचा निवाडा ते करीत. विचार करा, लिहिणारा पुण्याचा शास्त्री, भाषा त्याच्या आईची, आणि त्यावर लाल शाई चालवणारा साहेब! एतद्देशीय लेखकांना हे बोचत असे, आणि बोचणे रास्त होते. इंग्रजी वाक्यांच्या वळणाची मराठी याच पुस्तकांतून पसरली असा आक्षेप पुढे जोराने घेतला गेला. कृष्णशास्त्र्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली ती मराठीच्या अभिमानानेच. गंमत अशी की, मालेतली ती दमदार, लांब पल्ल्याची वाक्ये स्वल्पविराम आणि अर्धविराम यांच्या खांद्यांवरच उभी आहेत.

आमचे मत विचाराल तर, निवाडा करण्याचा अधिकार एका परक्या माणसाच्या हाती असणे हे पारतंत्र्याचेच एक रूप होते, त्यात गोड मानण्यासारखे काही नाही. पण त्या माणसाने ती भाषा शिकायला जे कष्ट घेतले तेही खोटे ठरत नाहीत. सत्ता असलेल्या माणसाला शिकण्याची गरज नसते. दुभाषा ठेवून त्याचे भागते. हुकूम पुरेसा असताना हा माणूस पन्नासहून अधिक वर्षे पंडितांशेजारी बसून शब्द शिकत राहिला. आणि आपण इंदूरकर मराठी मंडळी घरात मराठी, रस्त्यात हिंदी, शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरतो. दुसऱ्याची भाषा नीट लिहायला किती बारीक लक्ष लागते हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.

त्यांनी बसवलेले सगळेच टिकले असेही नाही. त्या काळच्या शुद्धलेखनातले न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या नव्या नियमांनी गेले. आजोबांच्या जुन्या पत्रांत ते अजून दिसतात आणि मुलांना वाटते की आजोबांच्या दौतीतून शाई गळत होती. विरामचिन्हांना मात्र कुणी हात लावला नाही.

मेजर कँडी १८७७ साली महाबळेश्वरला वारले. इंग्लंड सोडून तेव्हा पंचावन्न वर्षे झाली होती. कोश लोक आजही मोल्सवर्थच्याच नावाने ओळखतात. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. आणि १९७५ साली ती पुन्हा छापली गेली. शाळेच्या ग्रंथालयात तिची एक जाडजूड प्रत आहे. सहावीपासून पुढच्या मुलांनी मधल्या सुट्टीत ग्रंथपाल बाईंकडे मागावी. मात्र हात धुऊन यावे आणि पाने ओल्या बोटाने उलटू नयेत.

राहिलेली सभा पुढच्या महिन्यात घेण्याचे ठरले आहे. माजी विद्यार्थी, पालक व विश्वस्त अशा तिघांसाठीची सुधारित सूचना शेवटच्या पानावर दिली आहे. छपाईला देण्यापूर्वी ती इंग्रजीच्या बाई आणि मराठीचे सर अशा दोघांनीही वाचली आहे.